खरेदीचा उपास: राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, पायरीपायरीने

उपवासकाळ, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस, जवळ आला की अलीकडे बऱ्याच ख्रिस्ती घरांत मटण-मच्छीच्या जोडीला आणखी एक गोष्ट सोडली जाते: ‘ईस्टरपर्यंत नवीन काही घ्यायचं नाही.’ संकल्प चांगलाच आहे. पण ईस्टरच्या सोमवारी याच घरांच्या दारात पार्सलवाल्यांची ये-जा सुरू होते. चाळीस दिवस खरेदी सुटलेली नसते, फक्त लांबलेली असते. ॲपच्या कार्टमध्ये वस्तू साठतात, खात्यात पैसे साठतात, आणि सण आला की दोन्ही एकदम मोकळं होतं.

हा उपास ऐन मोहाच्या वेळी मोडतो असं आपल्याला वाटतं. माझ्या पाहण्यात तो आधीच, तयारीत मोडलेला असतो. नेमकं काय बंद, सोडलेल्या खर्चाचा पैसा कोणाकडे जाणार, आणि मनात आलेल्या इच्छेचं करायचं काय, या तीन गोष्टी ठरलेल्याच नसतात. खालच्या पायऱ्यांमध्ये सर्वांत जास्त जागा म्हणूनच सुरुवातीच्या कामांना दिली आहे.

दिवसांचा हिशेब आधी करून घ्या. राखेच्या बुधवारपासून (प्रॉटेस्टंट मंडळ्यांत भस्म बुधवार) ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. त्यातले सहा रविवार वजा केले की ४० उरतात. २०२७ साली राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला आहे. तयारीला किमान दोन आठवडे लागतात, म्हणजे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात कामाला लागा. तुमच्या मंडळीत उपवासकाळ पाळत नसतील तरी अडचण नाही. कोणतेही सलग चाळीस दिवस घ्या, पण सुरुवातीची आणि शेवटची तारीख लिहून ठेवा.

## आधी हे तपासा: हा उपास तुमच्यासाठी आहे का

ज्या घरात महिन्याची जुळवाजुळव करतानाच नाकी नऊ येतात, त्या घराने खरेदीचा उपास धरायची गरज नाही. त्यांचा तो वर्षभर चालूच असतो. हा उपास ज्यांच्या हातात महिन्याच्या शेवटी काहीतरी उरतं, किंवा उरायला हवं होतं, त्यांच्यासाठी आहे.

क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर क्रम बदलतो. पूर्ण बिल न भरता फक्त किमान रक्कम भरत राहिलं की बहुतेक कार्डांवर महिन्याला ३ ते ३.७५ टक्के व्याज चढतं, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५ टक्के. अशा वेळी पायरी ४ मधली रक्कम आधी त्या थकबाकीत घाला, आणि थोडासा भाग तरी दानाला ठेवा. कर्ज फेडणं हा काही कमी प्रतीचा उपास नाही.

इशारा: समाधानाचा उपदेश आपल्या खर्चाला लागू करायचा असतो, दुसऱ्याच्या पगाराला नाही. घरकामाच्या ताईंनी पगारवाढ मागितली की ‘आहे त्यात समाधान मानावं’ हे वचन आठवणारी माणसं आपल्यात आहेत. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय त्यांनी वाचावा. शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी तिथे ओरडते, आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. कोणाचे पैसे तुमच्याकडे थकले असतील तर राखेच्या बुधवारआधी ते चुकते करा. त्याआधी पुढची एकही पायरी चढू नका.

## पायरी १: तीन महिन्यांचा खर्च कागदावर आणा

बँकेच्या ॲपमधून नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारीचं स्टेटमेंट काढा. नाताळ मध्ये येतो म्हणून डिसेंबर वगळायचा मोह होईल. वगळू नका, आपली खरी सवय तिथेच दिसते. यूपीआय एका खात्याला आणि कार्ड दुसऱ्याला जोडलेलं असेल तर दोन्ही घ्या. शक्य असेल तर प्रिंट काढा. फोनवर वर सरकवत पाहिलेला खर्च डोळ्यांत भरत नाही.

आता तीन रंगांची पेनं घ्या आणि प्रत्येक ओळीवर खूण करा.

हिरवी: भाडं किंवा गृहकर्ज, किराणा, वीज, शाळेची फी, औषधं, प्रवास, विमा, मंडळीचं वर्गणी-दान. यावाचून घर चालत नाही.

निळी: माणसांसाठी केलेला खर्च. आजारी नातेवाइकाकडे नेलेली फळं, पाहुण्यांचं जेवण, बारशाची भेट.

लाल: बाकी सगळं. चौथी कुर्ती, सेलमधले बूट, रात्री अकराला दहा मिनिटांत आलेलं आइस्क्रीम, कधी सुरू केलं तेही आठवत नाही असं ओटीटीचं सदस्यत्व, मोबाइलचं तिसरं कव्हर.

लाल ओळींची बेरीज करा आणि तिला तीनने भागा. येणारा आकडा हा तुमचा महिन्याचा ‘लाल आकडा’. पुढच्या सगळ्या पायऱ्यांना तो लागणार आहे.

नेहमीची चूक: नवरा-बायकोने एकमेकांच्या ओळींना रंग देणं. त्याचा शेवट भांडणात होतो. ज्याने त्याने आपापल्याच ओळी रंगवाव्यात. कोणता रंग द्यावा कळत नसेल तर लाल द्या.

तपासणी: बेरीज पाहून थोडं अवघडल्यासारखं झालं नाही, तर एखादं खातं किंवा वॉलेट बघायचं राहिलेलं असण्याची शक्यता आहे.

## पायरी २: नियम लिहा, आणि अपवादही

‘अनावश्यक काही घ्यायचं नाही’ या नियमाला काही अर्थ नाही. दुकानात उभं असताना प्रत्येक वस्तू आवश्यकच वाटते. नियम असा हवा की घरातल्या बारा वर्षांच्या मुलालाही तो मोडला की नाही हे सांगता यावं. एक नमुना देतो. त्यात आपापल्या घराप्रमाणे बदल करा.

बंद: कपडे, चपला-बूट, दागिने, सौंदर्यप्रसाधनं, घराची सजावट, भांडी, इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि त्यांचे जोड, खेळणी, बाहेरून मागवलेलं जेवण, दहा-पंधरा मिनिटांत घरी येणारी कोणतीही ऑर्डर.

चालू: आठवड्यातून एकदा, यादी करून आणलेला किराणा आणि भाजी. औषधं, चष्मा, डॉक्टर. मोडलेल्या वस्तूची दुरुस्ती. दुरुस्त होणारच नसेल तर तिच्या जागी तशीच साधी वस्तू, आहे त्यापेक्षा वरची नाही. मिक्सर जळला तर मिक्सर आणा, मात्र फूड प्रोसेसर नको.

अपवाद: आधीच ठरलेले खर्च, त्यांच्या रकमेसह. ‘धाकटीचा वाढदिवस, १२ मार्च, ₹१,५००’ इतकं स्पष्ट. राखेच्या बुधवारनंतर या यादीत काहीही घालायचं नाही.

कागदावर घरातल्या मोठ्यांनी सह्या कराव्यात आणि तो फ्रिजवर लावावा. मुलांवर मात्र हा उपास लादू नका. त्यांना आपापली एक गोष्ट निवडू द्या, शाळेच्या कॅन्टीनचा वडापाव किंवा गेममधली खरेदी. आईबाप घेत नाहीत हे बघून मूल जेवढं शिकतं, तेवढं त्याच्याकडून हिरावून घेऊन शिकत नाही.

एक गोष्ट सांगायलाच हवी. हा उपास मंडळीच्या नेहमीच्या उपवासाच्या जागी बसत नाही. कॅथलिक घरांत राखेच्या बुधवारचा, उत्तम शुक्रवारचा आणि एरवीच्या शुक्रवारांचा जो नेम असतो तो तसाच ठेवायचा. ‘मी खरेदी सोडली, म्हणून शुक्रवारी मटण’ हा सौदा चालत नाही.

नेहमीची चूक: राखेच्या बुधवारआधीच्या आठवड्यात ‘बेगमी’ करणं. दोन शर्ट, एक इअरफोन, तीन शाम्पू आधीच घरात आणून ठेवले की उपास नुसता कॅलेंडरवर उरतो. वाळवंटातल्या इस्राएल लोकांनी उद्यासाठी ठेवलेल्या मान्न्यात (देवाने रोज दिलेल्या अन्नात) किडे पडल्याचं निर्गमच्या सोळाव्या अध्यायात आहे. आपल्या इअरफोनला किडे पडत नाहीत, पण बाकी गोष्ट तीच.

## पायरी ३: दारं बंद करा

निश्चयाच्या बळावर विसंबून राहू नका. समोरचं ॲप बनवणाऱ्यांनी तुमचा निश्चय ढिला करण्यासाठीच पगार घेतलेला आहे. हे काम एका संध्याकाळी, तासाभरात उरकतं:

१. खरेदीची, जेवणाची आणि झटपट घरपोच देणारी सगळी ॲप फोनवरून काढून टाका. नुसती सूचना बंद करणं पुरत नाही.
२. काढण्याआधी प्रत्येक ॲपमधली कार्ट आणि विशलिस्ट रिकामी करा. ही गोष्ट सर्वांत जास्त जण विसरतात. भरलेली कार्ट म्हणजे ईस्टरच्या सोमवारची तयार ऑर्डर.
३. साठवलेली कार्डं काढून टाका. पुढे घ्यायचंच झालं तर सोळा आकडे हाताने घालावे लागू देत.
४. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ उघडा आणि दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमा बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायलाच हवी. ती येतेही, पण आपण वाचत नाही. जे वापरात नाही ते तिथल्या तिथे रद्द करा.
५. ब्रँडची व्हॉट्सॲप चॅनेलं, ऑफर पाठवणारे नंबर, इन्स्टाग्रामवर ‘आज मी काय घेतलं’ दाखवणारी खाती, ही सगळी बंद.

साइटवरच्या ‘फक्त २ शिल्लक’ आणि उलट्या चालणाऱ्या घड्याळाला भुलू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी अधिसूचित केली आहे. खोटी घाई निर्माण करणं, न विचारता टोपलीत वस्तू टाकणं, ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असं बटण दाबायला लावून लाजवणं, सदस्यत्व सोडणं मुद्दाम कठीण करणं, हे सगळं त्यात येतं. म्हणजे ज्याला आपण आपला मोह म्हणतो त्यातला बराचसा भाग कोणीतरी आखून ठेवलेला असतो. ते कळलं की अपराधीपणा थोडा कमी होतो आणि सावधपणा वाढतो.

‘नो कॉस्ट ईएमआय’चंही तसंच. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते, हे रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१३ मध्येच बजावलं होतं. व्याज असतंच. विक्रेता तेवढी सूट दाखवून ते झाकतो, आणि बहुतेकदा व्याजावरचा जीएसटी व प्रक्रिया शुल्क तुमच्या माथी येतं. उपवासकाळात नवा हप्ता सुरू करायचा नाही, हा नियम पायरी २ च्या कागदावर वेगळ्या ओळीत लिहा. ‘पहिला हप्ता ईस्टरनंतर’ ही पळवाटही त्याच ओळीत बंद करा.

## पायरी ४: पैसा आधी बाजूला, उपास नंतर

सर्वांत महत्त्वाची पायरी ही, आणि नेमकी हीच बहुतेक घरांत गाळली जाते.

‘जे वाचेल ते ईस्टरला दान करू’ असं ठरवलं की शेवटी काहीच वाचत नाही. पैसा खात्यात पडून राहिला की तो कुठेतरी जातोच. म्हणून रक्कम आधी ठरवा. पायरी १ मधला लाल आकडा घ्या आणि त्याला चारने भागा. लाल आकडा ₹४,८०० असेल तर आठवड्याला ₹१,२०० झाले. दर रविवारी सकाळी उपासनेला किंवा मिसेला निघण्याआधी ही रक्कम घरातून बाहेर पडली पाहिजे, त्या आठवड्यात मोह झाला असो वा नसो. राखेचा बुधवार ते झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आदला रविवार) असे सहा रविवार मिळतात.

पैसा कुठे जाईल हेही आधीच ठरवा. यशयाच्या ५८ व्या अध्यायात देवाला कसा उपास हवा ते स्पष्ट आहे: भुकेल्याला आपल्या अन्नातला वाटा द्या, बेघराला घरात घ्या, उघड्याला वस्त्र द्या, बंधनात असलेल्यांना मोकळं करा. या कसोटीवर उतरेल अशी एकच जागा निवडा. पॅरिशमधली, गरजूंना मदत करणारी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी असेल, मंडळीचा मदतनिधी असेल, वसतिगृहात राहणाऱ्या एखाद्या मुलाची परीक्षा फी असेल, किंवा तुमच्याच इमारतीच्या रखवालदाराच्या घरचं आजारपण असेल. सहा ठिकाणी थोडं थोडं वाटलं की मन समाधान पावतं, पण कोणाचंच काम होत नाही.

तीन अटी. हा पैसा दशांशात (मंडळीला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या भागात) किंवा नेहमीच्या अर्पणात धरायचा नाही, तो त्याच्या वर आहे. तो फिरून आपल्याच घरात यायचा नाही (‘मुलाच्या नावाने एफडी केली’ हे दान नव्हे). आणि मत्तयाच्या सहाव्या अध्यायात म्हटल्याप्रमाणे उजवा हात काय करतो हे डाव्याला कळता कामा नये. फोटो नाही, स्टेटस नाही, पाळकांनी वेदीवरून नाव घेण्याची व्यवस्थाही नाही.

जॉन वेस्ली, ज्यांच्यापासून मेथॉडिस्ट मंडळ्या सुरू झाल्या, त्यांनी आपल्या एका प्रवचनात ऑक्सफर्डमधल्या एका तरुणाचा हिशेब मांडला आहे. त्याला वर्षाला ३० पौंड मिळत होते. २८ मध्ये त्याने भागवलं आणि २ दिले. दुसऱ्या वर्षी ६० मिळाले, खर्च २८ च राहिला आणि ३२ दिले. पुढे ९० मिळाले तेव्हा ६२, आणि १२० मिळाले तेव्हा ९२ दिले. तो तरुण वेस्ली स्वतःच होते असं सहसा मानलं जातं. वाढीव पगारासोबत जगणं किती वाढवायचं हे त्याने पगार वाढण्याआधी ठरवलं होतं, एवढंच आपण इथे उचलायचं. आपल्याकडे उलट होतं: इन्क्रिमेंटचं पत्र हातात पडायच्या आत गाडीचं मॉडेल ठरलेलं असतं.

पैशाची रक्कमच परवडत नसेल तर मिझोरमच्या ख्रिस्ती घरांकडे पाहा. स्वयंपाकाला भात काढताना एक मूठ तांदूळ मंडळीसाठी वेगळा ठेवायचा, ही पद्धत तिथे शंभरहून अधिक वर्षं चालू आहे. मुठीमुठीने जमलेल्या त्या तांदळावर मंडळीची केवढी तरी कामं उभी राहिली.

इशारा: ‘इतकं द्या, देव तुम्हाला दसपट देईल’ असं कोणी सांगत असेल तर तिथे हा पैसा देऊ नका. दसपट मिळावं म्हणून दिलेला पैसा म्हणजेही खरेदीच, फक्त दुकान वेगळं.

## पायरी ५: इच्छांची वही

पहिल्या दोन-चार दिवसांत कळतं की हाताला काम नाही. जेवण झालं, फोन उचलला, आणि उघडायला काही नाही. इच्छा मात्र येतच राहतात. त्या दाबू नका, लिहा.

एक साधी शंभरपानी वही घ्या. घरात जुनी असेल तर तीच, नवी आणू नका. प्रत्येक इच्छेला एक ओळ आणि पाच रकाने: तारीख-वेळ, वस्तू, किंमत, कुठे दिसली, आणि त्याआधी काय चाललं होतं. शेवटचा रकाना गाळू नका. एक पान साधारण असं दिसतं:

१९ फेब्रु., रात्री ११.१०. तांब्याची बाटली, ₹८९९. रीलमध्ये. ऑफिसातल्या मीटिंगचा राग डोक्यात होता.

२१ फेब्रु., दुपारी. लिननचा शर्ट, ₹२,१९९. मिसेनंतर चर्चच्या आवारात कोणाच्या तरी अंगावर. आपला इस्त्रीचा नव्हता.

२३ फेब्रु., सकाळी. पोळपाट, ₹३५०. स्वयंपाकघरात. जुन्याला तडा गेलाय, पोळी चिकटते.

पंधरा दिवसांनी पान उघडलं की वस्तूंपेक्षा शेवटच्या रकान्याकडेच लक्ष जातं. राग, कंटाळा, कोणाशी तरी तुलना, उशिरापर्यंतचं जागरण. पोळपाटाची ओळ वेगळी आहे. ती खरी गरज आहे, आणि पायरी २ च्या नियमात बसते. बाकी दोन्हींना उत्तर वस्तूत नव्हतंच. राग आला होता त्या माणसाशी बोलायचं होतं, आणि शर्टला इस्त्री करायची होती.

ओळ लिहून झाली की प्रभूच्या प्रार्थनेतलं ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ एवढंच वाक्य म्हणा आणि वही मिटा. मोठी प्रार्थना करायला बसलात तर चौथ्या दिवशी वही उघडावीशी वाटणार नाही.

शुक्रवारी, क्रूसाच्या वाटेनंतर किंवा घरच्या प्रार्थनेनंतर, आठवड्याची पानं वाचा. ज्या वस्तूची आता आठवणही नव्हती तिच्यावर रेघ मारा. पौल फिलिप्पैकरांना लिहितो की आहे त्या स्थितीत संतुष्ट राहायला आपण शिकलो. ते शिकणं तुरुंगात बसलेल्या माणसाचं होतं. आपलं शिकणं निदान या रेघांपासून सुरू होऊ द्या.

नेहमीची चूक: वही फोनच्या नोट्समध्ये ठेवणं. नोट्सपासून ब्राउझर एका बोटावर असतो. शिवाय तिथे लिंक चिकटवली जाते आणि वहीची पुन्हा विशलिस्ट होते.

## पायरी ६: रविवारचं काय करायचं

मंडळीच्या परंपरेत रविवार उपासाचा दिवस नाही. याचा अर्थ त्या दिवशी मॉल उघडा असा नाही. रविवारी पाहुणे बोलवा, घरी बिर्याणी करा, मुलांना समुद्रावर न्या. आनंदाला मोकळीक आहे, खरेदीला नाही. सहा दिवस आवळून सातव्या दिवशी सगळं घेणारी घरं पाहिली आहेत. त्यांचा लाल आकडा उपवासकाळात वाढलेला निघतो.

## पायरी ७: जिथे घसरण होते ती ठिकाणं

तिसऱ्या आठवड्यात उत्साह ओसरतो. हे सगळ्यांचंच होतं, त्यामुळे त्याचं फार मनाला लावून घेऊ नका. खालची ठिकाणं मात्र आधीपासून माहीत असू द्या.

लग्नाची खरेदी. उपवासकाळात चर्चमध्ये सहसा लग्नं लागत नाहीत, त्यामुळे ईस्टरनंतर एप्रिल-मेमध्ये लग्नांची रीघ लागते, आणि साड्या, सूट, सोनं हे सगळं नेमकं उपवासकाळात घ्यावं लागतं. घरचं लग्न असेल तर ही खरेदी टाळता येणार नाही. ती पायरी २ च्या अपवादांत रकमेसह लिहा, एकच दिवस ठरवा, यादी घेऊन जा आणि यादीबाहेरचं काही आणू नका. लग्न दुसऱ्याचं असेल तर कपाटात आहे तेच नेसा. नवरीकडे बघायचं सोडून तुमच्या साडीकडे कोणी बघत नाही.

पहिल्या कम्युनियनचा पांढरा झगा. एकदा घालून कपाटात जाणारा कपडा. चुलत-मावस घरांत विचारा, कोणाकडे तरी मिळतोच. लांबी कमी-जास्त करायला शिंपी पुरे.

मार्चचे सेल आणि पाडवा. २०२६ मध्ये पाडवा १९ मार्चला म्हणजे उपवासकाळातच येतो, २०२७ मध्ये ईस्टरनंतर. शेजाऱ्यांकडे पाडव्याला जा, श्रीखंड-पुरी खा, शुभेच्छा द्या. ‘आमचा उपास आहे’ म्हणून तोंड लांब करून बसू नका. पण मुहूर्ताची ऑफर म्हणून टीव्ही आणू नका.

‘मी माझ्यासाठी नाही, मुलांसाठी घेतलं.’ सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य. पायरी २ च्या कागदावर मुलांचं नाव नसेल तर नाही.

आणि मोडलाच तर? वहीत लाल शाईने एक ओळ लिहा: काय घेतलं, कितीला, कधी. दुसऱ्या दिवशी पुढे चालू. दुप्पट प्रायश्चित्त, ‘आता मोडलाच आहे तर राहू दे’ किंवा घरभर चर्चा, तिन्ही नको. वस्तू परत करता येत असेल तर करा. ती रक्कम रविवारच्या दानातून मात्र कापायची नाही.

## पायरी ८: पवित्र आठवड्यात कपाट

झावळ्यांच्या रविवारनंतर तीन संध्याकाळी मिळतात. गुरुवारपासून उपासनाच इतक्या असतात की वेळ उरत नाही. सोमवारी कपाट, मंगळवारी माळा किंवा पलंगाखालचं, बुधवारी स्वयंपाकघर.

योहान बाप्तिस्त्याचं सांगणं सरळ आहे: दोन अंगरखे असतील तर ज्याच्याकडे नाही त्याला एक द्या. चौथ्या शतकातल्या कैसरियाच्या बिशप बासिल यांनी तेच आणखी रोखठोक सांगितलं. तुझ्या कपाटात पडून राहिलेला अंगरखा उघड्या माणसाचा आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे आपण देत नाही, परत करतो.

देताना कपडा धुतलेला, इस्त्रीचा, बटणं असलेला हवा. फाटकं, डागाळलेलं, तुटक्या चेनचं दान करायचं नसतं. त्याचं पायपुसणं करा. कोणाला हवंय का हे विचारून द्या, चर्चच्या पायरीवर पिशव्या टाकून येऊ नका. तिथून त्या उचलण्याचं काम कोणाला तरी लागतं.

तपासणी: रिकामा झालेला कप्पा रिकामाच दिसतोय ना? तो पाहून ‘आता इथे अमुक बसेल’ असं मनात आलं तर वहीत एक ओळ लिहा.

## पायरी ९: ईस्टरनंतरचे पन्नास दिवस

ईस्टरला नवे कपडे घालायची पद्धत असेल तर ती पायरी २ च्या अपवादांत आधीच आलेली असायला हवी. आली नसेल तर यंदा नाही. जेवण मात्र हात आखडून करू नका. इतके दिवस उपास केलेल्या घराने सण साजरा केलाच पाहिजे.

ईस्टरच्या सोमवारी ॲप परत घेऊ नका. आधी वही उघडा. रेघ न मारलेल्या किती ओळी उरल्या ते बघा. त्यांतल्या ज्या वस्तू खरंच हव्या आहेत त्यांवर गोल करा, आणि पेन्टेकॉस्टपर्यंतच्या पन्नास दिवसांत त्या एकेक करून, रोख किंवा थेट यूपीआयने, हप्त्याविना घ्या. ॲप लागणारच असतील तर एकच ठेवा, आणि कार्ड साठवू नका.

मेच्या सुरुवातीला एप्रिलचं स्टेटमेंट काढा आणि पुन्हा तेच तीन रंग वापरा. एप्रिलचा लाल आकडा जानेवारीच्या आसपास असेल तर उपास बरा झाला. तो जानेवारीपेक्षा बराच वर गेला असेल, तर मार्चमध्ये सोडलेलं सगळं एप्रिलमध्ये घरात आलं. तसं झालं असेल तर पुढच्या वर्षी पायरी ३ मधलं कार्ट रिकामी करायचं काम आणि पायरी ४ अधिक कडकपणे करा, कारण गळती बहुधा तिथेच असते. आणि खाली गेला असेल तर रविवारच्या रकमेतला निम्मा भाग वर्षभर चालू ठेवता येतो का ते घरात बसून ठरवा. ज्याच्या फीसाठी किंवा औषधासाठी ती रक्कम जात होती, त्याची गरज ईस्टरला संपलेली नसते.

वही फेकू नका. २०२८ चा राखेचा बुधवार १ मार्चला आहे. तारीख शेवटच्या पानावर लिहून ठेवा.